इंग्रजी कोशांत शिरलेले कांहीं मराठी शब्द व जुन्या कागदांचें वाचन

इ. स. १६६० सालीं पन्हाळ्यास सिद्दी जौहराचा वेढा पडला असतां राजापूरच्या इंग्रज वखारीचा मुख्य हेन्री रेव्हिंग्टन हा उखळी तोफ व गोळे घेऊन वेढ्यांत सामील झाला, आणि त्याचें प्रायश्चित्त पुढच्याच वर्षीं राजापूरकर इंग्रजांस भोगावें लागलें, ही हकीकत कोल्हापूर प्रांताचा इतिहास वाचणारास नवी नाहीं. ह्या गोळ्यांस त्या काळचे इंग्रज ‘ग्रनाडो’ म्हणत. शब्दाचें मूळ पाहूं जातां तें निघतें डाळिंबांत! दारूच्या दाण्यांनीं पोट भरलेला तो गोळा पाहून स्पॅनिश व फ्रेंच लोकांनीं त्यास डाळिंबाचें नांव दिलें व इंग्रजांनीं तेंच उचललें. आमच्या लोकांस त्यांत डाळिंब दिसलें नाहीं, कुलूप दिसलें. म्हणून तो ‘कुलपी गोळा’ झाला. उलट तो गोळा उडविणाऱ्या तोफेस मात्र दोघांनींहि एकच नांव दिलें. आमची ती उखळी तोफ, आणि इंग्रजांचा ‘मॉर्टर’ म्हणजेहि मूळचें उखळ किंवा खलच. आतां हें एकानें दुसऱ्याचें घेतलें, कीं आंखूड व रुंद तोंडाचें भांडें पाहून दोघांसहि स्वतंत्रपणें उखळच आठवलें, याचा निकाल नुसत्या शब्दाच्या साम्यावरून लागत नाहीं. शब्दांच्या मागें लागणारानें हा पहिला इशारा ध्यानांत ठेविला पाहिजे.

मराठी कागदांतील फारशी शब्दांची सोय आपल्याकडे बरीच लागलेली आहे. कै. राजवाडे यांनीं निरनिराळ्या काळच्या पत्रांतील फारशी शब्दांचें प्रमाण मोजून भाषेवरून काळ कसा ओळखावा याचा मार्ग दाखविला. आणि पुढें कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांत अध्यापन केलेले प्रा. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवि माधव जूलियन, यांचा फारशी-मराठी कोश भारत इतिहास संशोधक मंडळानें १९२५ सालीं प्रसिद्ध केला. पोर्तुगीज, फ्रेंच व इंग्रजी शब्दांची गोष्ट तशी नाहीं. ते कागदांत पानोपानीं भेटतात, आणि ओळखीचे वाटतात म्हणूनच त्यांजकडे कोणी थांबून पाहत नाहीं. त्याहून उपेक्षित अशी दुसरी बाजू म्हणजे मराठींतून इंग्रजींत गेलेल्या शब्दांची. इंग्रज कोशकारांनीं आमच्या शब्दांची जी उकल केली तिचा उपयोग आमचेच कागद वाचण्यास होतो, व जेथें त्यांनीं चूक केली तेथें ती दुरुस्त करण्याचें साधन आमच्याच दप्तरांत आहे, असें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

ह्या कामीं मुख्य ग्रंथ म्हणजे कर्नल हेन्री युल व डॉ. बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ नांवाचा कोश. बर्नेल १८८२ सालीं वारले, ग्रंथ युल यांनीं पुरा करून १८८६ सालीं छापविला, व विल्यम क्रुक यांनीं त्यांत कंसांत भर घालून १९०३ सालीं दुसरी आवृत्ति काढली. ग्रंथाचें नांवच मुळीं एका शब्दाच्या विपर्यासाचा मासला आहे. मोहरमांतील ‘या हसन, या हुसेन’ हा शोकाचा घोष गोऱ्या शिपायांच्या कानीं पडला व त्यांच्या तोंडीं त्याचें ‘हॉब्सन-जॉब्सन’ झालें. हॉब्सन व जॉब्सन हीं तिकडील गांवढळ माणसांचीं ठराविक आडनांवें. दुसरा आधार मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. त्याची पहिली आवृत्ति १८३१ ची व वाढविलेली दुसरी १८५७ ची. तिसरा आधार गोमंतकीय पंडित मोन्सिन्योर सेबाश्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांचे पोर्तुगीज ग्रंथ. आशियांतील भाषांवर पोर्तुगीज शब्दांची छाप कशी पडली यावरील त्यांचें १९१३ चें पुस्तक बडोद्याहून १९३६ सालीं इंग्रजींतहि निघालें आहे. पोर्तुगीज न जाणणाऱ्या आम्हां लोकांवर हे मोठे उपकारच झाले.

चौथ, सरदेशमुखी, पेशवा, जहागीर इत्यादि शब्द इंग्रजी ग्रंथांत सर्वत्र आढळतात, परंतु ते संस्थांचीं नांवें म्हणून गेलेले असून त्यांत उकलण्यासारखें फारसें नाहीं. ‘पेंढारी’ शब्दावर मात्र इंग्रजांनीं पुष्कळ कागद खर्च केला. माल्कम यानें ‘पेंढा’ नांवाच्या कोणा मादक पेयापासून तो काढला व त्यास साक्षी खुद्द करीमखान पेंढारी! दुसऱ्यांनीं गवताच्या पेंढीकडे बोट दाखविलें. धंदा करणारास आपल्या धंद्याच्या नांवाचें मूळ ठाऊक असतेंच असें नाहीं, हें माल्कमच्या ध्यानीं आलें नसावें.

खरा महत्त्वाचा शब्द वेगळाच आहे, आणि तो आमच्या इतिहासांतील एका मोठ्या प्रश्नाशीं निगडित आहे. अठराव्या शतकांतील इंग्रज व फ्रेंच वैद्य हिंदुस्थानांतील एका भयंकर रोगास ‘मोर-द-शियां’ म्हणत. फ्रेंच भाषेंत ह्या शब्दांचा अर्थ ‘कुत्र्याचें मरण’ असा होतो. रोग ओकारी, ढाळ व पेटके यांचा. माणूस कांहीं प्रहरांत गार पडे. आमच्याकडेहि ‘कुत्र्याच्या मौतीनें मेला’ असें म्हणतात, तेव्हां ही व्युत्पत्ति कोणासहि पटावी अशीच आहे. परंतु ती सर्वस्वी खोटी आहे. फ्रेंचांनीं हा शब्द पोर्तुगीजांपासून घेतला, पोर्तुगीज लोक त्यास ‘मोर्देशीं’ म्हणत, आणि पोर्तुगीजांनीं तो गोव्यांत ऐकला होता आमच्या माणसांच्या तोंडून. मूळ शब्द ‘मोडशी’. मोडणें, म्हणजे शरीर मोडून पडणें, शक्ति खचणें, ह्या धातूपासून तो झाला असें युल यांनीं स्पष्ट लिहिलें आहे, व तें यथार्थ दिसतें. पणजीच्या मोडशीचें पुदुच्चेरीस कुत्रें झालें तें असें.

आतां ह्यांत इतिहासाचा प्रश्न कोणता तें पाहूं. इ. स. १८१७ सालीं बंगाल्यांत जेसोराकडे पटकीची सांथ उठली; त्याच वर्षअखेर ती बुंदेलखंडांत गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्स याच्या छावणींत शिरली, आणि पेंढारी व मराठे यांच्याशीं चाललेल्या युद्धाच्या धामधुमींत पुढच्या वर्षीं दक्षिणेंत उतरली. पुढें ती सर्व पृथ्वीवर पसरली. यावरून पुष्कळ इंग्रज लेखकांचा असा ग्रह झाला कीं, १८१७ पूर्वीं हा रोग हिंदुस्थानांत नव्हताच. युल यांनीं ह्या समजुतीस निराधार म्हटलें आहे. आणि त्यांचा पुरावा काय, तर हाच शब्द. गास्पार कोर्रेइया हा पोर्तुगीज बखरकार १५४३ सालच्या गोव्यांतील सांथीचें वर्णन करतो व रोगाचें नांव तेथील लोकांच्या भाषेंतील म्हणून ‘मोर्शी’ असें देतो. गव्हर्नरानें एका मृताचें प्रेत वैद्यांकडून फोडवून पाहविलें, पोट आंवळल्यावांचून दुसरें कांहीं विकृत आढळलें नाहीं, असेंहि तो सांगतो. त्यानंतर वीस वर्षांनीं, १५६३ सालीं, गार्सिया द ओर्ता याचा वनस्पति व औषधांवरील संवादग्रंथ गोव्यांतच छापला. त्यांत ह्याच रोगावर एक संवाद आहे व त्यांतहि हेंच नांव आहे. पुढें १७८२ सालच्या आपल्या अनुभवावरून कर्टिस नांवाचा इंग्रज आरमारी वैद्य ‘मोर-द-शियां’चीं जीं लक्षणें देतो तीं पटकीचींच आहेत. अडीचशें वर्षें एक मराठी-कोंकणी शब्द चार भाषांतून रूप पालटीत फिरत राहिला आणि रोगाचें अस्तित्व नोंदवीत राहिला. १८१७ सालीं नवें घडलें तें रोगाचें जगभर पसरणें, त्याचा जन्म नव्हे.

हें वाचण्यापूर्वीं प्रस्तुत लेखकाची स्वतःची फसगत झालेली आहे, ती सांगतों. येथील एका घरगुती दप्तराचें टिपण करतांना एका फुटकळ बंदावर असा आशय आढळला कीं, त्या घरचीं तीन माणसें चार दिवसांच्या आंत ‘मोडसी होऊन’ वारलीं. आज आमच्या बोलण्यांत मोडशी म्हणजे अपचन, पोट बिघडणें, फार तर ढाळ. तेव्हां मीं टिपणांत ‘अजीर्णानें मृत्यु’ असें लिहिलें व पुढचा बंद उचलला. एकाच घरचीं तीन माणसें चार दिवसांत अजीर्णानें कशीं मेलीं, हा प्रश्न त्या वेळीं मनांत आला नाहीं. शब्द ओळखीचा होता, म्हणूनच तो अडला नाहीं. अनोळखी असता तर कोश उघडला असता. शब्दाचा अर्थ मागाहून सौम्य झाला, व त्या सौम्य अर्थानें मीं जुना कागद वाचला. बंदावर तिथि आहे, शक नाहीं! त्यामुळें ती सांथ १८१७ च्या अलीकडील कीं पलीकडील हें त्यावरून निघत नाहीं. ह्या बंदाकडे पुढें पुन्हां यावयाचें आहे.

उलट बाजूनेंहि सावधगिरी हवी. जुन्या कागदांत जेथें जेथें मोडशी दिसेल तेथें तेथें पटकी असेल असेंहि नाहीं. मोल्सवर्थच्या वेळीं शब्दाला दोन्ही अर्थ होते. एकटें माणूस आजारी पडून बरें झालें असेल तर अपचनच समजावें. थोड्या अवकाशांत अनेक माणसें गेलीं असतील, गांव सोडल्याचा, देवीस कौल लावल्याचा वा गाडा काढल्याचा मजकूर शेजारीं असेल, तर मात्र पटकी समजण्यास हरकत दिसत नाहीं.

मोडशीइतकाच चमत्कारिक, पण कमी दुःखद, असा दुसरा शब्द ‘डंगरी’. इंग्रज खलाशी व कारागीर जाड्या निळ्या कापडाची विजार किंवा अंगरखा वापरतात त्यास हें नांव आहे. युलच्या पहिल्या आवृत्तींत ह्या शब्दाची समाधानकारक उकल नव्हती. मोल्सवर्थनें मात्र आपल्या कोशांत ‘डोंगरी कापड’ असा शब्द देऊन मुंबईच्या डोंगरी किल्ल्यालगतच्या पेठेंत विकलें जाणारें देशी कापड, व पुढें कोणतेंहि हलक्या किमतीचें कापड, असा त्याचा खुलासा केला होता, आणि इंग्रजी ‘डंगरी’ हा त्याचाच अपभ्रंश असें नोंदविलें होतें. क्रुक यांनीं १९०३ सालीं तो उतारा कंसांत जोडला. म्हणजे लंडनांतील पंडित ज्याचा शोध करीत होते तें उत्तर मुंबईस छापलेल्या मराठी कोशांत आधींच पडून होतें.

परंतु मोल्सवर्थचा खुलासा तरी तपासून घ्यावयास नको काय? डोंगरी किल्ल्याच्या जागीं इंग्रजांनीं फोर्ट जॉर्ज बांधला तो १७६९ च्या सुमारास. मुंबई बेट इंग्रजांच्या राजास आंदण म्हणून ठरलें १६६१ सालीं, ताब्यांत आलें १६६५ सालीं व कंपनीकडे गेलें १६६८ सालीं. आणि जॉन सेरिस नांवाचा इंग्रज कप्तान १६१३ सालीं मलुक्कांच्या बेटांत लवंगांच्या मोबदल्यांत जें खंबायती व चोलमंडलचें कापड देत होता त्याच्या यादींत ‘डोंगेरिजन’ हें नांव आहे! मुंबईस इंग्रजाचें पाऊल लागण्यापूर्वीं पन्नास वर्षें हें कापड लवंगांच्या बेटांपर्यंत पोंचलेलें होतें. तेव्हां इंग्रज अमदानींतील किल्ल्याच्या बाजाराशीं शब्दाचा जन्म जोडणें चुकीचें होईल. पोर्तुगीज अमदानींतील डोंगरी गांवाशीं तो जोडावयाचा, कीं डोंगर ह्या सामान्य नामावरून डोंगरवटीचें जाडेंभरडें तें डोंगरी असें समजावयाचें, एवढाच प्रश्न उरतो. मला दुसरा पक्ष अधिक संभवनीय वाटतो, कारण परदेशीं जाणाऱ्या मालास बाजाराचें नांव पडावयाचें तर तो बाजार बंदराइतका मोठा असावा लागतो, आणि सोळाव्या शतकांतील पोर्तुगीज मुंबई तशी नव्हती. तो मान सुरत, खंबायत, चौल यांचा. सतराव्या शतकाच्या आरंभीच्या एकाद्या मराठी वा गुजराती हिशेबी कागदांत ‘डोंगरी’ थान निघाल्यास वाद मिटेल.

आतां समुद्राकडे वळूं. कान्होजी आंगऱ्यांच्या काळापासून मुंबईकर इंग्रजांच्या कागदांत ‘ग्रॅब’ व ‘गॅलिव्हॅट’ ह्या दोन शब्दांचा सुळसुळाट आहे. ग्रॅब म्हणजे आमची गुराब; शब्द अरबी, अर्थ कावळा. काळ्या रंगावरून म्हणा कीं पुढें काढलेल्या चोंचीवरून म्हणा, अरबांनीं जहाजास पक्ष्याचें नांव दिलें. इंग्रजी भाषेंत मात्र ‘ग्रॅब’ याचा अर्थ झडप घालून बळकावणें असा आधींच होता, त्यामुळें आंगऱ्यांच्या जहाजांस तें नांव इंग्रजांच्या दृष्टीनें फारच शोभलें. गॅलिव्हॅट म्हणजे गलबत. पंडित त्याचें मूळ पोर्तुगीज ‘गालेओता’ ह्या शब्दांत पाहतात. इंग्रजी रूपांतील ‘व’ मात्र पोर्तुगीज शब्दांत नाहीं, तो आमच्या ‘ब’ चा आहे. म्हणजे शब्द मूळचा कोणाचाहि असो, इंग्रजांनीं तो घेतला मराठी खलाशाच्या तोंडून. हे दोन्ही शब्द कोल्हापूरच्या दप्तरासहि परके नाहींत. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत (इ. स. १७१५) आरमाराचें प्रकरण आहे व त्यांत पांच गुराबा व पंधरा गलबतें मिळून एक सुभा करावा अशी योजना सांगितलेली आहे. गगनबावड्याचें अमात्यांचें घराणें व करवीरचें राज्य यांचा संबंध वाचकांस विदितच आहे.

पुढें करवीर राज्याकडे असलेला सिंधुदुर्ग १७६५ सालीं, जिजाबाईसाहेबांच्या कारकीर्दींत, मुंबईकरांनीं घेतला व त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असें नवें नांव ठेविलें. १७६६ च्या तहानें किल्ला परत आला तेव्हां तें नांव तेथेंच गळून पडलें. मालवणांत कोणास तें आज ठाऊकहि नाहीं. १८१२ च्या तहानें सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट व सर्जेकोट हीं ठाणीं इंग्रजांकडे कायमचीं गेलीं, तेव्हां मात्र त्यांनीं पुन्हां नांव पालटण्याच्या भानगडींत न पडतां जुनींच नांवें लिहिलीं. मुद्दाम ठेवलेलें नांव एक वर्ष टिकलें, आणि खलाशांनीं नकळत उचललेलें गलबत इंग्रजी कोशांत अद्याप आहे.

टाकें व ‘टँक’ यांचा संबंध अनेकांनीं पाहिला आहे. पाण्याच्या सांठ्यास इंग्रज ‘टँक’ म्हणूं लागले तें गुजराती व मराठी टांकें-टाकें ऐकून, आणि त्यास पोर्तुगीज ‘तांक’ ह्या स्वतंत्र शब्दाची जोड मिळाली, असें कोशकार मानतात. पोर्तुगीज शब्द लॅटिनमधून आलेला, म्हणून येथें दोन प्रवाह एकत्र झाले आहेत. एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी. कान्हेरी, जुन्नर वगैरे ठिकाणच्या प्राचीन प्राकृत लेखांत खडकांत खोदलेल्या टाक्यास ‘पोढि’ म्हटलें आहे; तेव्हां किल्ल्यावरील टाक्यांवरून ‘टाकें’ हा शब्द सातवाहनकालीन ठरवूं पाहणारांनीं जरा थांबावें. १९१६ सालीं इंग्रजांनीं चिलखती रणगाडा तयार केला तेव्हां गुप्ततेसाठीं त्या पाण्याच्या टाक्या आहेत अशी हूल उठविली व तेंच नांव त्यास कायम चिकटलें.

मुंगूस इंग्रजींत ‘मंगूस’ होऊन गेला. शिवकालीं हिंदुस्थानांत आलेला व १६७५ सालीं जुन्नरास जाऊन आलेला डॉक्टर फ्रायर त्याचा उल्लेख करतो. शब्दाच्या शेवटीं इंग्रजी ‘गूस’, म्हणजे हंसी, दिसते, पण त्या पक्ष्याशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. बोंबील हा ‘बमेलो’ झाला व पुढें ‘बॉम्बे डक’, म्हणजे मुंबईचें बदक, ह्या नांवानें प्रसिद्ध झाला. टपालाच्या आगगाडींतून, म्हणजे डाकेंतून, वास येत गेला म्हणून ‘डाक’ चें ‘डक’ झालें ही गोष्ट मोठ्या हौसेनें सांगतात. परंतु आगगाडी सुरू झाली १८५३ सालीं व हें नांव १८१५ च्या सुमारास छापलेलें सांपडतें. नाशकाजवळील देवळालीच्या छावणींत मायदेशीं जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत महिनेच्या महिने पडून राहिलेल्या गोऱ्या शिपायांचीं डोकीं फिरत. त्यावरून वेड लागणें या अर्थीं ‘डुलॅली टॅप’ असा शब्दप्रयोग इंग्रजींत रूढ झाला. पहिला शब्द देवळाली व दुसरा आपला ताप.

येथवर मराठींतून गेलेल्यांचा विचार झाला. आतां आलेल्यांचा, कारण कागदांचा काळ ठरविण्यास उपयोग होतो तो त्यांचाच. प्रथम हें समजून घेतलें पाहिजे कीं, युरोपीय शब्द आला म्हणजे इंग्रजांचा अंमल आला असें नव्हे. खुद्द ‘इंग्रज’ हा शब्दच आपण इंग्रजांपासून घेतलेला नाहीं, पोर्तुगीजांच्या ‘इंग्लेज’ वरून घेतला आहे. ‘वलंदेज’ हाहि डच लोकांचें पोर्तुगीज नांव. आज्ञापत्रांत टोपीकरांच्या यादींत फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस यांबरोबर ‘डिंगमार’ येतात. ते डेन्मार्कचे लोक. पोर्तुगीज ‘दिनामार्का’ वरून तें नांव झालें. डेन लोकांनीं १६२० पासून तरंगमबाडीस वखार ठेविली होती व ती १८४५ सालीं इंग्रजांस विकली. त्यानंतर त्या शब्दाचें कोणास प्रयोजन उरलें नाहीं, व अशा मेलेल्या शब्दापाशीं मागाहून नक्कल करणाराची लेखणी हमखास अडखळते. एकाद्या नकलेंत असा शब्द शुद्ध उतरला असेल तर मूळ प्रत चांगली होती असें समजण्यास तो एक पुरावाच होय. तसेंच चावी, पगार, लिलांव, पिस्तूल, काडतूस, कप्तान हे पोर्तुगीजांकडून आलेले शब्द. सतराव्या शतकाच्या कोंकणांतील कागदांत त्यांपैकीं एकादा दिसल्यास कागद बनावट म्हणून फेकून देऊं नये. संग्राहकांकडून ही चूक झालेली माझ्या पाहण्यांत आहे.

फ्रेंचांच्या वाट्यास थोडे शब्द आले, पण ते मोठे फसवे आहेत. पेशवेकालीन पत्रांतील ‘मुसाबुसी’ हा कोणी मुसा नांवाचा मुसलमान नव्हे. तो ‘मस्य बुसी’, म्हणजे बुसीसाहेब. निजामाकडील ‘मुसा रेमू’ हाहि तसाच. याच बुसीच्या कवाइती फौजेंतून ‘गारदी’ वर आले. इब्राहिमखान गारदी पानिपतावर १७६१ सालीं पडला व १७७३ सालीं गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांचा खून केला, त्यामुळें हा शब्द मराठी मनांतून जाणें नाहीं. त्याच्या व्युत्पत्तीविषयीं दोन मतें आहेत. ‘सियर-उल-मुताखरीन’ ह्या फारशी ग्रंथाच्या अठराव्या शतकांतील इंग्रजी भाषांतरकारानें टीपेंत म्हटलें आहे कीं, पश्चिम किनाऱ्यावरील अरब व हबशी आपणांस ‘घर्बी’, म्हणजे पश्चिमेचे, म्हणवीत, व त्याचेंच गार्दी झालें. युल यांचाहि कल ह्या मताकडे दिसतो. मला तें मान्य नाहीं. ‘बी’ चा ‘दी’ होण्यास कारण दिसत नाहीं. आणि बुसीच्या फौजेंत फ्रेंच ‘गार्द’ हा शब्द नित्य कानांवर पडत असतां अरबस्तानापर्यंत जाण्याचें प्रयोजन काय? मराठींत ‘गारद’ म्हणजे पहारा हा शब्द वेगळा व पूर्ण जिवंत आहे, आणि गारदी हा त्याचाच ईकारान्त कर्ता, जसा पखालीचा पखाली. घर्बी मत तेव्हांच विचारांत घ्यावें जेव्हां मराठी कागदांत ‘गरबी’ असें मधलें रूप दाखवितां येईल.

पलटण हा शब्द काळ ठरविण्यास सर्वांत उपयोगी. युल त्यास इंग्रजी ‘बटालियन’चा अपभ्रंश म्हणतात व ‘प्लॅटून’ ह्या शब्दाचीहि त्यांत सरमिसळ झाली असेल असें सुचवितात. हें बरोबर दिसतें. अर्थ बटालियनचा आहे, कारण पलटण म्हणजे शेंकडों माणसें, तीस-चाळीस नव्हेत. ध्वनि मात्र प्लॅटूनचा, किंवा तो शब्द ज्यापासून निघाला त्या फ्रेंच ‘पलोतों’चा आहे. पलोतों म्हणजे मूळचा सुताचा लहान गुंडा. कवाइती पायदळाचीं हीं पथकें अठराव्या शतकाच्या मध्यानंतर आमच्या दृष्टीस पडूं लागलीं, व शिंद्यांच्या चाकरींत द बोयनें उभारलेल्या ‘कंपूं’मुळें घरोघर पोंचलीं. ‘कंपू’ हाहि बहुधा पोर्तुगीज ‘कांपु’च. तेव्हां शिवकालीन म्हणून दाखविलेल्या बखरींत किंवा महजरांत पलटण आढळली, तर तो मजकूर मागाहून लिहिला वा घुसडला आहे, असें निःशंक म्हणावें. कप्तानाची गोष्ट वेगळी, पलटणीची वेगळी. सरसकट ‘टोपीकरी शब्द’ म्हणून दोघांस एका मापानें मोजणें हेंच सर्व घोटाळ्याचें मूळ आहे.

मागें उल्लेखिलेल्या मोडशीच्या बंदाकडे याच दृष्टीनें मीं पुन्हां पाहिलें. त्याच्या पाठीवर, दुसऱ्या हातच्या अक्षरांत, पलटणीचा मुक्काम व बैलांचा चारा यासंबंधीं दोन ओळी आहेत. त्या ओळी अठराव्या शतकाच्या मध्याच्या अलीकडील खऱ्या. परंतु त्या पाठीवरच्या आहेत व हात दुसरा आहे. पुढच्या बाजूचा मृत्यूचा मजकूर त्याच्या आधींचा असला पाहिजे एवढेंच काय तें निघतें. किती आधींचा, हें नाहीं. कागदाचा पोत व मोडीचें वळण पेशवाईच्या उत्तरार्धाकडे झुकतें. तेवढ्यावर १८१७ ची रेघ ओलांडण्याचें धाडस करवत नाहीं. मूळ टिपणांतील ‘अजीर्णानें’ हा शब्द खोडून मीं तेथें नुसतें ‘मोडशीनें’ असें लिहिलें आहे.

ज्यांच्या संग्रहीं १८१७ पूर्वींचे मितिवार कागद असतील, व त्यांत मोडशी, पटकी वा वाखा यांनीं एकाच घरचीं किंवा गांवचीं अनेक माणसें गेल्याचा मजकूर असेल, त्यांनीं त्याची नक्कल मूळ लेखनासह, शुद्धलेखन न सुधारतां, ह्या त्रैमासिकाकडे पाठवावी. शक नसल्यास पाठीवरील मजकूरहि अवश्य उतरून घ्यावा.